मागं घेतलेलं आभाळ

"जरा मागं घे ना, भाऊ."

तंबूच्या बोगद्यातून ती वाकून आत यायची, पिठाचे हात पदराला पुसत, आणि पहिलं वाक्य हेच. घाटघरकडच्या एका निवासी शाळेत ती स्वयंपाकाला होती. मी जुन्नर-आंबेगावच्या शाळांतून फुगवायचं तारांगण घेऊन फिरतो. पंख्यानं तंबू फुगतो, भर दुपारी आत काळोख होतो आणि छतावर प्रोजेक्टरचं आभाळ येतं. भाकरी उरकून ती येईपर्यंत माझा सूर्य केव्हाच बुडालेला असायचा. मी करवादायचो, पण मागं घ्यायचो. सूर्य पश्चिमेकडून वर यायला लागला की पोरं शिट्ट्या मारायची.

चपला ती बाहेर काढायची, पोरांनाही काढायला लावायची. पण आत बसल्यावर गप्प बसेल तर शपथ! मी सप्तर्षी दाखवले की मागून आवाज, "कसलं रुषी? म्हातारीची बाज हाय ती. आन हे तीन चोर बाज पळवाया निघाल्यात." मृगातल्या ओळीनं असलेल्या तीन ताऱ्यांना ती तिकांडं म्हणायची. पोरं तिचंच ऐकायची. शेवटी मीही बाजच म्हणू लागलो. करता काय? तुमचंही तिच्यापुढं काही चाललं नसतं.

गेल्या हिवाळ्यात खेळ संपला, पोरं जेवायला पळाली, ती मात्र उठली नाही. पदराच्या गाठीतून कागद काढून तिनं माझ्या हातात दिला. त्यावर श्रावणातली एक तारीख, आणि वेळ रात्री एकची.

"ह्या टायमाचं आभाळ दिसंल?"

"दिसेल की. का गं मावशी?"

तिची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. कळा सुरू झाल्या, जीप निघाली, तर ओढ्याच्या फरशी पुलावर पाणी चढलेलं. सगळे अलीकडेच अडकले. लेकीचं डोकं हिच्या मांडीवर.

"सारखी इचारायची, आये, उजाडायला किती येळ हाय? त्या दिसांत तिकांडं उगवलं की पहाट जवळ. पन आभाळ गच्च भरल्यालं. म्या आपलं म्हनलं, झालंच बाळा, आत्ता उजाडंल." तिनं माझ्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं. "एक वाजता गेली. तवा तिकांडं वर व्हतं का, तेवढं दाव. म्या खोटं न्हाई ना बोलले?"

 मी ती तारीख आणि वेळ टाकली. छतावर स्वच्छ आभाळ आलं, आणि पूर्वेला तिकांड्याचा पत्ता नव्हता. तिला नीट बघू न देताच मी वेळ तीन तास पुढं सरकवली. तिकांडं वर आलं.

"हे बघ मावशी. होतं की."

ती मान वर करून बघत राहिली. आभाळावरून वेळ ओळखत आयुष्य गेलेलं तिचं. तिला मी काय फसवणार, कपाळ!

"जरा मागं घे ना, भाऊ," ती हळूच म्हणाली.

घेतलं. तिकांडं उतरत उतरत तंबूच्या कडेला गेलं आणि दिसेनासं झालं. एकवर थांबवलं.

"लई लांब व्हती की रं पहाट." मग छताकडं बघतच, "तरी ती 'बरं' म्हनली व्हती मला."

 पंखा घरघरत होता.

यंदा गेलो तर स्वयंपाकाला दुसरी बाई. मावशी काम सोडून गेली म्हणाले. कुठं गेली, कुणालाच धड सांगता येईना. मी तंबू फुगवला, सूर्य बुडवला, आणि सवयीनं बोगद्याकडं बघत थांबलो. कुणी आलं नाही.

"सर, मागं घ्या!" पोरं ओरडली. त्यांना शिट्ट्या मारायच्या होत्या.

मी मागं घेतलं.