दरपत्रकात नसलेला टॉवेल

निवडणूक लागली की उमेदवारांच्या खर्चासाठी एक दरपत्रक निघतं. चहाचा कप, वडापाव, प्लास्टिकची खुर्ची, हार, फेटा, रिक्षावरचा भोंगा, सगळ्याचा दर ठरलेला. उमेदवाराने जे वापरलं ते त्या दराने त्याच्या खर्चात धरायचं, म्हणजे मर्यादेबाहेर पैसा ओतता येणार नाही, अशी त्यामागची कल्पना. महापालिकेच्या निवडणुकीत ते पत्रक हातात आलं तेव्हा बाईंनी ते दोनदा वाचलं आणि मान वर करून विचारलं, "यात टॉवेल कुठाय? सोलापूरच्या दरपत्रकात टॉवेल नाही?"

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका आणि आमच्या नागरिक गटाच्या प्रमुख. गट म्हणायचा, एवढंच. आम्ही पाच-सहा जण. मी एका महाविद्यालयात लिपिक, त्यामुळे निवेदनं लिहिण्याचं काम माझ्याकडे. आमचं मागणं साधं होतं. मतदाराला जे दिलं जातं त्याला सत्कार म्हणा नाहीतर भेट म्हणा, पण ते खर्चात दिसलं पाहिजे. आणि प्रचाराला पैसा कुणी दिला त्याची यादी मतदानाआधी प्रभागात फळ्यावर लागली पाहिजे. हे निवेदन आम्ही कितीतरी वेळा दिलं. दर वेळी त्याच्यावर गोल शिक्का बसायचा, 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' असा शेरा पडायचा आणि कागद पुढच्या टेबलावर जायचा. पुढच्या टेबलावरचा माणूस म्हणायचा, हे आमच्याकडे येतच नाही.

बाईंचा टॉवेलचा आग्रह उगाच नव्हता. आमच्या भागात सत्कार म्हणजे टॉवेल, टोपी आणि नारळ. खांद्यावर आलेला टॉवेल नको म्हणणं म्हणजे देणाऱ्याचं तोंड पाडणं. त्यामुळे निवडणुकीच्या दिवसांत गल्लोगल्ली ज्येष्ठांचे सत्कार होतात आणि एकेका गल्लीत एवढे ज्येष्ठ निघतात की विचारू नका. आमच्या प्रभागातला एक उमेदवार तर टॉवेलच्या कोपऱ्यावर स्वतःच्या नावाची छापील पट्टी शिवून देत होता. मात्र त्याच्या रोजच्या खर्चाच्या हिशेबात टॉवेल एकही नव्हता.

त्या पट्ट्या कोण शिवत होतं, ते मला माहीत होतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवणारी एक बाई. तिची मुलगी आमच्या महाविद्यालयात शिकते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला मी मदत केली होती, तेव्हापासून मुलीची आई मला अण्णा म्हणायची आणि मी तिला अक्का. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. बोलता बोलता तीच म्हणाली होती, "सध्या लई काम हाय अण्णा. टेंपो भरून जातायत टॉवेल, सरळ त्यांच्या हापिसात."

मी बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, हे तिने लिहून दिलं तर तक्रारीला बळ येईल. अक्काला तयार करायला मी दोनदा तिच्या घरी गेलो. दुसऱ्या वेळी तिने ओट्यावरचं पीठ पुसलं. मग म्हणाली, "माझं काम जाणार न्हाय ना?"

"मी आहे ना तुमच्याबरोबर," मी म्हणालो.

तिने सही केली. कागद मीच लिहिला होता. किती डझन शिवले, पट्टीवर काय छापलं होतं, माल कुठे गेला, सगळं. बाईंनी तो तक्रारीला जोडून खर्च तपासणाऱ्या कार्यालयात दिला.

त्यानंतर चार दिवसांनी माझ्या बायकोचा भाऊ घरी आला. तो मूळचा मंद्रूपचा. आता आमच्याच वसाहतीत राहतो आणि तिथल्या मंडळाचा अध्यक्ष आहे.

"दाजी, रविवारी मंडळाचा कार्यक्रम हाय. जागरूक नागरिक म्हणून तुमचा सत्कार ठेवलाय."

"मला असलं काही नको."

"नको कसं? नाव छापून झालंय. आन् पाच मिनटं बोलायला देतो की तुमाला. ते तुमचं खर्चाचं, पारदर्शक-बिरदर्शक, काय ते बोला. दोन-तीनशे माणूस असतंय."

त्याने गळ घातली म्हणून गेलो, असं मी पुढे बाईंना सांगितलं. ते खरं नव्हतं. मी त्या पाच मिनिटांसाठी गेलो. इतकी वर्षं कागद लिहीत आलो, ते कागद कुणी वाचत नव्हतं. एकदा तरी माणसांसमोर उभं राहून बोलावं, असं मनात होतं. भाषण मी लिहूनही काढलं आणि आरशासमोर म्हणून बघितलं. बायको म्हणाली, "हात एवढे हलवू नका." विशेष म्हणजे त्या भाषणात सत्काराच्या टॉवेलांचा एक परिच्छेद होता.

रविवारी मंचावर मधल्या खुर्चीत तोच उमेदवार होता. मला तेव्हाच उठता आलं असतं. निवेदकाने माझं नाव घेतलं, डोक्यावर टोपी आली, खांद्यावर टॉवेल पडला, हातात नारळ. फोटोवाला म्हणाला, "साहेब, इकडं बघा, थोडं हसा." मी हसलो. मग उमेदवार अर्धा तास बोलला आणि निवेदकाने वेळेअभावी कार्यक्रम संपल्याचं जाहीर केलं. भाषणाचा कागद खिशातच राहिला.

घरी येऊन टॉवेलची घडी उलगडली, तर कोपऱ्यावर पट्टी होती.

त्याच क्षणी बाईंना फोन करायला हवा होता. झालं ते असं झालं, हा टॉवेल पुरावा म्हणून घ्या, एवढं म्हणायचं होतं. बाई चिडल्या असत्या, पण त्यांनी ते आमच्या बाजूने वापरलं असतं. मी टॉवेल कपाटात बायकोच्या साड्यांखाली ठेवला आणि गप्प बसलो. आठ दिवस गप्प बसलो. त्या आठ दिवसांत बाई मला रोज फोन करत होत्या आणि मी रोज त्यांच्याशी तक्रारीवर बोलत होतो.

सुनावणीला उमेदवाराचा माणूस आला, त्याने लेखी उत्तर दिलं आणि सोबत फोटो. टॉवेल थोडेच होते, ते मंडळाने मान्यवरांच्या सत्कारासाठी आणले होते, आणि तक्रारदारांपैकीच एकाने तो आनंदाने स्वीकारला आहे, असं उत्तरात होतं. अधिकाऱ्याने फोटो बाईंसमोर सरकवला.

"मॅडम, तुमचाच माणूस सत्कार म्हणून घेतो. मग मी याला वाटप कसं म्हणू?"

"आणि हा शिवणाऱ्या बाईचा जबाब?" बाईंनी विचारलं.

"डझनावारी शिवले असतील. वाटले, हे कुठं सिद्ध होतंय?"

बाईंनी फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं. जिना उतरताना एवढंच म्हणाल्या, "आधी सांगायचं होतं हो." तक्रार निकाली निघाली.

तक्रारीची प्रत उमेदवाराला मिळाली होती, त्यात अक्काचं नाव होतं. कारखान्याच्या मॅनेजरने तिला सांगितलं, तो कागद परत आण, मग कामावर ये. ती माझ्याकडे महाविद्यालयात आली. फोटो तिनेही मोबाइलवर बघितला होता.

"तुमीबी घेतलात की, अण्णा."

मी काहीतरी बोलायला लागलो. तिने हातानेच थांबवलं.

"ते राहू द्या. माझा कागद तेवढा परत आणून द्या."

मी त्या कार्यालयात तीनदा गेलो. पहिल्यांदा संबंधित कर्मचारी रजेवर होते. दुसऱ्यांदा अर्ज करा म्हणाले. तिसऱ्यांदा तो कर्मचारी भेटला आणि त्याने समजावलं, की दाखल झालेला कागद परत मिळत नाही. फार तर आधीचा जबाब चुकीचा होता असं तिने लिहून द्यावं. ते लगेच फायलीला लागेल. आमचं कुठलंही निवेदन त्या कार्यालयात लगेच लागलं नव्हतं.

मी ते तिला सांगायला घरी गेलो. ती बसूनच होती, घरच्या शिलाई मशीनवर कापड टाकलेलं.

"म्हणजे मी खोटं बोलले असं लिहू?"

"काम परत मिळेल, अक्का."

"शिवले तर मीच हायेत की. खोटं कसं लिहू?" मग जरा थांबून म्हणाली, "तुमी लिहा ना. तुमचं लिहा."

दुसऱ्या दिवशी मी माझा जबाब लिहिला. मी सत्कार घेतला, पट्टी बघितली, टॉवेल लपवला. टॉवेलही सोबत नेला. त्या कर्मचाऱ्याने कागदावर शिक्का मारला आणि टॉवेल परत केला. प्रकरण बंद झालंय, आणि वस्तू ठेवायला आमच्याकडे जागा नाही, म्हणाला.

त्या जबाबाची प्रत घेऊन मी कारखान्याच्या मॅनेजरकडेही गेलो. दोष माझा आहे, तिला कामावर घ्या, म्हणालो. त्याने प्रत वाचली, घडी करून माझ्या हातात दिली. "हा तुमचा कागद. मी तिचा मागितलाय."

अक्का आता दुसऱ्या ठिकाणी कमी दराने उशांचे अभ्रे शिवते. मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज या वर्षीही भरायचा होता. अर्ज घेऊन मुलगी एकटीच आली आणि शेजारच्या टेबलावर देऊन गेली. बाईंनी पुढच्या निवडणुकीसाठी दरपत्रकात टॉवेल घाला म्हणून नवं निवेदन करायला घेतलंय. मजकूर मीच लिहून दिला. खाली साक्षीदार कोण घालायचा, ती ओळ अजून कोरी आहे.