दादाचे मेल, देवनागरीत

आमचे बाबा बिबवेवाडीतल्या फ्लॅटचं दार साखळी लावूनच उघडायचे. गॅसवाला आला तरी "आपण कोण? काय काम?" झाल्याशिवाय सिलिंडर आत यायचा नाही. त्याच माणसाने आपल्या मेलचा पासवर्ड एका अनोळखी वेबसाइटला देऊन टाकला. आजही आठवलं की जीव जळतो.

दादा नोकरीसाठी अमेरिकेत गेला आणि तिथेच अपघातात गेला. मला तो फक्त फोन करायचा, मेल लिहायचा तो आईबाबांनाच, बाबांच्या पत्त्यावर. मराठीतच, पण इंग्रजी अक्षरांत. तेव्हा सगळे तसंच लिहायचे. आईला ती अक्षरं जुळवता जुळवता मजकूरच हरवायचा. मग बाबा चष्मा लावून स्क्रीनवर नजर फिरवायचे आणि सांगायचे, "बरा आहे म्हणतो. थंडी आहे." झालं! पानभर मेलचा एवढाच निकाल.

तो गेल्यावर आई हट्टालाच पेटली, मला त्याचं सगळं स्वतः वाचायचंय. बाबांनी कुठूनशी ती वेबसाइट शोधून काढली. मेलचा पत्ता आणि पासवर्ड द्या, सगळे मेल देवनागरीत दिसतील. मी ऑफिसमधून घरी येईपर्यंत हे देऊन मोकळे! माझी नोकरी आयटीतली, डोक्यात तिडीकच गेली.

"बाबा, पासवर्ड कोणाला सांगतात का?"

"कोणाला सांगितलाय? तिथल्या चौकटीत लिहिलाय. कुलूप काढल्याशिवाय आतलं वाचणार कसं ते? तुमच्या कंपनीत एवढंही शिकवत नाहीत वाटतं."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता बदला. तर आईच आडवी आली. "बदललात तर हे बंद पडेल. माझं वाचून होऊ दे गं."

ती वाचत होती, ओठ हलवत. दादाने लिहिलं होतं, "आई, आमटीची कृती मला पाठ आहे. तुझा आवाज ऐकायला म्हणून फोनवर पुन्हा पुन्हा विचारतो. हसू नकोस." आई खुर्चीतच वळली. "अहो, हे तुम्ही मला वाचून दाखवलंच नव्हतंत!"

"आमटीचं काय वाचायचं," बाबा पुटपुटले.

त्यानंतर तिने ठरवलं, रोज एकच मेल. भराभर वाचले तर संपतील म्हणाली.

आठवडाही झाला नसेल, नारायण पेठेतल्या आत्याचा फोन आला. "या वयात वजन कमी करायच्या गोळ्या विकायला लागलास की काय रे?" बाबांच्या नावाने सगळ्या नातेवाइकांना तसल्या जाहिराती गेल्या होत्या. पासवर्ड कोणीतरी बदललेला. मी तक्रारींवर तक्रारी लिहिल्या, ठरावीक छापाची उत्तरं आली, आणि शेवटी खातं मेलसकट कायमचं बंद झालं. ती वेबसाइटही गायब. मेल्यांना आमच्या घरातलं नेमकं हेच सापडलं! दादाच्या खात्यात ते मेल असतील, पण त्याचा पासवर्ड त्याने कोणालाच सांगितला नव्हता. शहाणा होता तो.

आई बाबांना एका शब्दाने बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी चहा झाला की ती त्यांच्यासमोर बसायची.

"अहो, आठवून बघा ना. आणखी काय काय लिहायचा तो?"

बाबा डोळे मिटून घ्यायचे. खूप आठवायचे, कपाळाच्या शिरा दिसायच्या.

"बरा आहे म्हणतो," ते म्हणायचे. "थंडी आहे."