आखाजीच्या बांगड्या

हे मी माझ्या लेकीलाही सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगायला बसलो आहे.

आम्ही जळगावचे कासार. दुकान म्हणायला माझं, पण बाया यायच्या त्या माझ्या बायकोच्या हातासाठी. तिने बांगडी चढवली की कळसुद्धा यायची नाही. नशिराबादेहून आलेल्या बाया तिचा हात मोकळा होईपर्यंत ओट्यावर बसून राहत. मी पुढे झालो तर हात पदराखाली घेत! मला राग यायचा — तोही कबूल करतो.

मग ती रंग चुकू लागली. हिरवा चुडा मागितला की निळा काढायची. मी हसण्यावारी नेलं. डोळ्यांपुढे माश्या फिरतात म्हणाली, तेव्हा कुठे डॉक्टरांकडे नेलं. साखरेचा आजार तिला जुनाच होता. डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं, तिला बाहेर बसवलं आणि मला म्हणाले, साखरेने पडदे खराब झालेत, आत रक्त उतरतंय, माझ्याजवळ उपाय नाही. नजर जाणार; तिला कुणाला पाहायचं असेल तर आताच पाहू दे.

बाहेर येऊन मी तिला सांगितलं — चष्मा लागेल, बाकी काही नाही.

का? तिने हाय खाऊ नये म्हणून? बरीच वर्षं मी स्वतःची अशीच समजूत घालत आलो. ते खोटं आहे.

धुळ्याला लेक बाळंत झाली होती. पहिली नात. त्या साली लेक आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणार नव्हती, म्हणून ही म्हणाली, "मी धुयाले जाई येस. नातनं तोंड देखी येस." आणि आखाजी तर तोंडावर आलेली! गावोगावच्या लेकी माहेरी येणार, झोक्यावर बसायच्या आधी प्रत्येकीला हातभर नव्या बांगड्या हव्यात. ही नसती तर माझ्या दुकानाची पायरी कोण चढलं असतं? मी म्हणालो, आखाजी होऊ दे. नात काय कुठे पळून जाते?

ती हसली आणि दुकानात बसली. एकेक बांगडी दाराच्या उजेडाकडे धरायची, रंग ओळखायची, दुसऱ्यांच्या लेकींचे हात भरायची. मी शेजारी बसून पाहत होतो. ऊठ, जा — एवढं म्हणवलं नाही माझ्याच्यानं.

आखाजी सरली. एका सकाळी चुलीपुढून तिने विचारलं, दार का लावलं? दार सताड उघडं होतं.

मग गेलो, चाळीसगावला गाडी बदलून, तिचा हात धरून. लेकीने नात तिच्या मांडीवर दिली. तिने बाळाच्या तोंडावरून बोटं फिरवली. मग सवयीने मनगट चिमटीत धरून बांगडीचं माप घेतलं. "कोनासारखी शे?" मी म्हणालो, तुझ्यासारखी. लेक रडू लागली — नाना, आधी का नाही आणलंत हिला? मी काही बोलायच्या आत हीच म्हणाली, "त्यासले काय माहीत व्हतं?"

मी मान डोलावली.

पुढे जगली तोवर येणाऱ्याजाणाऱ्याला ती हेच सांगायची, माझी बाजू घेऊन. मी समोर बसून ऐकायचो. आता घर खायला उठतं. दुकानात एकटाच बांगड्यांवरची धूळ झटकत असतो, आणि तिचं ते बोलणं कानात येतं. त्यांना काय माहीत होतं!

मला माहीत होतं.