भिंतीवरचा ठिपका

कुणाच्याही घरी गेले की सर आधी बोट ओलं करून हवेत धरायचे आणि मगच बसायचे. "कुठून तरी येऊन राह्यलं," असं पुटपुटत झुळूक येणारी फट शोधायचे. एकदा लग्नाच्या पंगतीत त्यांनी हेच केलं, तेव्हा वाढपी बिचारा पुऱ्यांचं ताट घेऊन तसाच ताटकळला. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवत आणि मी संस्कृत. घरं शेजारीशेजारी, त्यामुळे हा माणूस माझ्या वाट्याला जरा जास्तच आला. मला ते शास्त्रीबुवा म्हणत आणि त्यात आदर बेताचाच असे.

झुळुकीशी त्यांचं वैर होतं ते एका चुंबकापायी. वाऱ्यानं हलू नये म्हणून मधल्या खोलीत झाकणाच्या काचेच्या हंडीत त्यांनी तो रेशमाच्या धाग्याला टांगला होता. त्याला नखाएवढा आरसा चिकटवलेला. आरशावर दिव्याची तिरीप पडे आणि समोरच्या भिंतीवर उजेडाचा ठिपका उमटे. बंद खोलीत, कुणी हात न लावता, तो ठिपका कधीकधी हळूच सरके. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी जानवं घट्ट धरलं होतं, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

"भूत नाई हे," सर म्हणाले. "सूर्याचा वारा हाये, तिथून सुटलेल्या बारीक कणांचा. पृथ्वीच्या चुंबकाची ढाल हालून राह्यली. धक्का लागते, दिसत नाई एवढंच."

एका पावसाळ्यात मंगळाजवळून गेलेल्या यानाची बातमी पेपरात आली. मंगळाला चुंबकत्व जवळजवळ नाहीच, असं कळलं. त्या संध्याकाळी सर समोरचा चहा विसरले. ढाल नाही म्हणजे सूर्याचा वारा थेट मंगळाच्या विरळ हवेवरच आदळत असणार, असं ते सांगू लागले. त्या माऱ्यानं वरची हवाच विजेनं भारून जाते आणि तिचाच एक पातळ पडदा तयार होतो. वारा त्याला वळसा घालतो, पण जाताजाता थोडीथोडी हवा मागं ओढून नेतो. हा सगळा त्यांचा अंदाज होता, पण बोलत होते ते प्रत्यक्ष पाहून आल्यासारखे.

सरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दारात मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांना दम्याचा जुना त्रास. "मंग ते नेलेली हवा जाते कुठं?" त्यांनी विचारलं.

सरांनी तेव्हा कुठे गार झालेला चहा उचलला.

पुढच्या उन्हाळ्यात वहिनी अंथरुणाला खिळल्या. घरातली मोठी खिडकी नेमकी त्या मधल्या खोलीला, आणि सरांनी ती वर्षानुवर्षं कागद चिकटवून बंद ठेवलेली. मी त्यांना नको ते बोललो. त्यांनी सगळे कागद फाडले आणि वहिनींची खाट तिथं आणली. सकाळ-संध्याकाळ खिडकी सताड उघडी असे. दुपारी मात्र झळांपायी आमच्याकडे सगळीच घरं बंद होतात. त्या वेळी सर हंडीचं झाकण काढून ती वहिनींच्या तोंडाजवळ ठेवत. मग भिंतीवरचा ठिपका वहिनींच्या श्वासाबरोबर जाई, येई, मध्येच अडके, पुन्हा निघे.

"तिच्याकडं पाहवत नाई मले," ते म्हणाले. "हे पाहता येते."

एका दुपारी मी तिथं असतानाच ठिपका थांबला. सर बराच वेळ भिंतीकडेच पाहत राहिले. वहिनींचे डोळे शेवटी मीच मिटले.

त्यानंतर ते कॉलेजात आलेच नाहीत. महिन्याभरात त्यांचा भाऊ येऊन त्यांना अकोल्याला घेऊन गेला आणि तिथं ते फार जगले नाहीत. मला ते आठवतात ते त्याआधीच्या एका दुपारचे. तेरावं होऊन गेलं होतं. मी गेलो तेव्हा खिडकी बंद होती, हंडीवर झाकण होतं आणि सर खाटेच्या जागी जमिनीवर बसले होते. भिंतीवर ठिपका जात होता, येत होता, मध्येच अडकत होता.

"सूर्याचा वारा असेल, सर," मी म्हणालो.

"तो असा अडकत नाई, शास्त्रीबुवा."

आपल्या श्वासानं तर हलत नसेल, म्हणून त्यांनी मला श्वास रोखायला सांगितला. दोघंही रोखून बसलो. ठिपका चालूच होता. मला फार भीती वाटली, आणि छाती फुटायला आली तसा मी उठून दार उघडलं.

"लावून घ्या ते," सर मागं न वळता म्हणाले. "तिची हवा चालली बाहेर."

मी बाहेर पडलो आणि दार घट्ट लावून घेतलं.