आधी उजवीकडे

महाडकडचा कुणी मस्कतला नोकरीला आला, की पहिल्याच शुक्रवारी त्याची हारूनशी गाठ पडायची. हारून एका बांधकाम कंपनीत कामगारांची बस चालवायचा. सव्वीस वर्षं झाली, पण गाडीला ओरखडा नाही आणि पोलिसांचा एक मुखालफा, म्हणजे दंड, नाही. नमाज आटोपली की नव्या माणसाला तो एखाद्या मित्राच्या मोटारीत शेजारी बसवायचा आणि सुरू व्हायचा.

"घरचं सगळं विसर. इथे स्टिअरिंग डावीकडे आणि गाडी रस्त्याच्या उजवीकडे. गोल चौकात जो आधीच आत आहे त्याचा हक्क पहिला, आपण थांबायचं. उगाच हॉर्न द्यायचा नाही, इथे लोकांना तो शिवीसारखा लागतो. इब्राकडे जाताना उंट आडवे येतात. आणि वादीला, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्याला, पाणी आलं असेल, तर घोट्याएवढं दिसलं तरी गाडी घालायची नाही. समजलं?"

समोरचा मान डोलवायचा. मग हारून त्याच्याकडून सगळं परत म्हणवून घ्यायचा. ही सवय त्याला बहिणीची लागली होती.

बिलकीस आपा त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हारून चार वर्षांचा होता, आणि तेव्हापासून आपाच त्याची आई. लग्नाचं वय कधी येऊन गेलं ते तिच्या लक्षात आलं नाही, की तिने लक्षात येऊ दिलं नाही, कोण जाणे. गावच्या उर्दू शाळेत तिने एकतीस वर्षं शिकवलं. शाळा अगदी हायवेला लागून. रोज शाळा सुटली की आपा डोक्यावरचा पदर घट्ट करून रस्त्याच्या कडेला उभी राहायची, आणि पोरं रांगेत एका सुरात म्हणायची, "आधी उजवीकडे, मग डावीकडे, परत उजवीकडे, मग चला!" त्या रस्त्याने गावातली किती माणसं खाल्ली, पण आपाच्या शाळेतल्या एका मुलाला कधी खरचटलं नाही. हारूनही रस्ता ओलांडणं तिचंच बोट धरून शिकला होता.

हारूनची मुलगी आफरीन लग्न होऊन नवरा अम्मारबरोबर मस्कतमधल्याच वादी अदाईला राहायची. तिचे दिवस भरत आले, पण हारूनची बायको सफिया गावी गुडघ्यांनी अंथरुणाला खिळलेली. तेव्हा आपा म्हणाली, "मी जाते. मला तरी आता कुठली घंटा वाजवायची आहे?" सत्तराव्या वर्षी ती पहिल्यांदा विमानात बसली.

विमानतळाबाहेर हारूनने मोटार आणली, तशी आपा सरळ जाऊन डावीकडचं दार उघडून उभी राहिली.

"आपा, तू चालवतेस का?" हारूनने विचारलं. तिने आत स्टिअरिंग पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. पहिल्याच चौकात मात्र तिने त्याचा दंड घट्ट धरला. "अरे, उलट्या बाजूने चाललायस!"

"इथे हीच सुलट बाजू," तो म्हणाला. मग दोघं बराच वेळ हसत राहिले. तेवढ्यावर ती गोष्ट संपली.

आफरीनला मुलगी झाली. आपा बाळाला न्हाऊ घालायची, शेक द्यायची, आफरीनला डिंकाचे लाडू खायला लावायची. हारून सुट्टीच्या दिवशी यायचा आणि आपाच्या हातची भाकरी खाऊन तिथेच जमिनीवर आडवा व्हायचा. इतकी वर्षं परदेशात काढून असं घर त्याला पहिल्यांदाच लाभलं होतं.

बाळ नऊ दिवसांचं होतं, त्या सकाळी दही संपलं. दुकान समोरच, रस्त्याच्या पलीकडे. आफरीन म्हणाली, "फुफू, राहू दे ना. अम्मार दुपारी घेऊन येईल."

"समोर तर आहे," म्हणत आपाने चपला घातल्या.

जावयाचा, अम्मारचा फोन आला तेव्हा हारून कामगारांना घेऊन बरका गावी होता. अम्मार नीट बोलू शकला नाही, पण हारूनला कळायचं ते कळलं. कंपनीतला दयानंद, कुडाळकडचा, म्हणाला, "हारूनभाई, तुम्ही चालवू नका," आणि स्वतः पिकअप काढली. वाटभर हारून एवढंच बोलला, "सावकाश चल रे, सावकाश." हॉस्पिटलात पोहोचले तेव्हा पांढरी चादर आपाच्या चेहऱ्यावरून ओढून झाली होती.

गावाला न्यायचं की इथेच, असा प्रश्न निघाला. सफिया फोनवर रडत म्हणाली, "तिला पेटीत घालू नका." दुसऱ्या दिवशी अमरातच्या कब्रस्तानात आपाला मूठमाती दिली.

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी हारूनला बोलावलं. दुकानाबाहेरच्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. अधिकारी म्हणाला, "बघायलाच हवं असं नाही." हारून म्हणाला, "दाखवा."

आपा रस्त्याच्या कडेला आली. हातात दह्याचं रिकामं भांडं. ती थांबली. तिने उजवीकडे पाहिलं. मग डावीकडे, पण तिथे पाण्याचा टँकर उभा होता, पलीकडचं काही दिसत नव्हतं. मग मान परत उजवीकडे वळवली. रस्ता मोकळा होता. उजवीकडेच बघत तिने पाऊल टाकलं आणि टँकरच्या आडून, डावीकडून, मासळीची व्हॅन आली.

हारूनने डोळे मिटले नाहीत. आपाने कसलीच चूक केली नव्हती. जे आयुष्यभर पोरांकडून घोकून घेतलं, ते तिने तंतोतंत केलं होतं. गावच्या रस्त्यावर असती तर वाचली असती; तिथे जवळच्या गाड्या उजवीकडून येतात. सव्वीस वर्षं तो लोकांना दोन देशांतला फरक शिकवत आला, पण तो सगळा गाडीत बसणाऱ्यांसाठी. पायी चालणाऱ्याला काय सांगायचं, हे त्याला कधी सुचलंच नाही. आणि आपाला रस्ता ओलांडायला शिकवायचं, हे तर त्याच्या स्वप्नातही आलं नसतं.

घरी आफरीन भिंतीला डोकं टेकून म्हणत होती, "मी थांबवायला हवं होतं, बाबा."

"तू नाही," हारून म्हणाला. "तुला काय माहीत! मला माहीत होतं." बाळ रडलं, तसं त्याने उचलून घेतलं.

व्हॅनवाला नबील बरकाचाच ओमानी, तिशीचा. आठवड्याने तो वडिलांना घेऊन दारात आला. खजुराचा डबा पुढे करून मान खाली घालून उभा राहिला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "मी जोरात नव्हतो. खरंच सांगतो. ती माझ्याकडे बघतच नव्हती."

"माहीत आहे," हारून म्हणाला. "रस्त्यावरच्या ब्रेकच्या खुणा मी पाहिल्या. तू पाय वेळेवर मारलास." तेवढ्यावर नबील लहान मुलासारखा रडायला लागला. हारूनने त्याला आत घेतलं, चहा दिला. माझी याच्याविरुद्ध तक्रार नाही, असं लिहून त्याने सही केली.

बस मात्र त्याला पुन्हा चालवता आली नाही. एकदा बसला होता. डेपोच्या फाटकापाशी आल्यावर आधी कुठे बघायचं तेच त्याला कळेना, आणि मागच्या गाड्या खोळंबल्या. उतरून त्याने किल्ली दयानंदच्या हातात दिली. "खलास," म्हणाला. साठी जवळ आलीच होती. कंपनीने दोन महिन्यांत त्याचे कागद पुरे केले.

निघायच्या आदल्या शुक्रवारी तो अमरातला गेला. नबीलच त्याला व्हॅनमधून घेऊन गेला. चहूकडे उघडे डोंगर, खाली दगडांच्या रांगा. कुणाचं नाव कुठे लिहिलेलं नाही. आपाची जागा हारूनला पावलं मोजून ठाऊक होती. फातिहा पढून तो बराच वेळ बसून राहिला. एवढी वर्षं या मुलखात तो राहिला, आणि आता तोच चालला होता. महिन्याभरासाठी आलेली आपा मात्र इथेच राहणार होती. तिच्याजवळ कोण येणार? अम्मारचीही बदली व्हायची होती.

"नबील," तो उठता उठता म्हणाला, "कधीमधी येत जाशील?"

"दर जुम्म्याला, इन्शाल्ला," नबील म्हणाला. मग त्याने विचारलं, "त्यांचं नाव काय होतं? कागदावर वाचलं होतं, पण तुम्ही काय म्हणायचा?"

"आपा."

"आपा," नबीलने म्हणून पाहिलं. त्याने खाली वाकून बाजूला कललेला दगड सरळ केला, भोवतीची माती हाताने दाबली, आणि दोघं व्हॅनकडे चालू लागले.