वानखेडेकाकांच्या बाह्या

वानखेडेकाका कुठल्याही कामाला हात घालण्याआधी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडायचे आणि काम बिघडलं की हळूच उलगडायचे. काम तडीस गेल्यावर बाह्यांचं काय करत, हे सांगणं अवघड आहे. तसा प्रसंग आम्ही बराच काळ पाहिलाच नाही.

हुडकेश्वरच्या त्या घरात खाली ते भाड्यानं राहत, वर आम्ही. मी आणि नीलेश साताऱ्याहून आलेलो, लग्नानंतर पहिल्यांदाच संसार थाटलेले. काकांनी उभा जन्म बुटीबोरीच्या कारखान्यात पाळ्या केल्या. निवृत्त झाले आणि त्याच उन्हाळ्यात काकू गेल्या. चहाची साखर कुठल्या डब्यात असते हेही त्यांना ठाऊक नव्हतं. लपवतही नसत. "ते डिपार्टमेंट तिचं होतं," एवढंच म्हणायचे.

दिवाळी सरली आणि एका संध्याकाळी ते आमच्या दारात येऊन उभे राहिले. मुलगी पल्लवी पहिल्या बाळंतपणाला यायची होती आणि आता नाही म्हणत होती.

"म्हणते, आई नाही, तुमच्यानं काय होणार बाबा, मी सासरीच राहते. मी म्हटलं, माय नाही म्हणून माहेर बंद पडते काय?" बोलताना आवाज चढला, पण डोळे भरले होते. "बाळ येईन भर थंडीत. कूलर काढा लागते, खिडकी बुजवा लागते, गादीले ऊन दाखवा लागते. तुम्ही येता काय मदतीले?"

खिडकीबाहेर बसवलेला कूलर थंडीआधी उतरवला नाही, तर त्याच्या जाळीतून सगळा गारठा घरात येतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. नीलेशनं विचारलं, "काका, तुम्हाला उतरवता येतो ना?"

"दरवर्षी पाहत तर होतो गा," काका म्हणाले.

रविवारी काकांनी बाह्या दुमडल्या. पल्लवीसाठी नवीन भरून आणलेली गादी त्यांनी खिडकीलगतच्या बाजेवर उन्हात टाकली आणि आम्ही तिघं कूलरला भिडलो. "किती जड आहे हा!" नीलेश म्हणाला. तो जड का आहे, हा विचार तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. "लावा गा जोर!" काका ओरडले, कूलर कलंडला आणि उन्हाळ्यापासून टाकीत साचलेलं हिरवं, घाणेरडं पाणी सगळंच्या सगळं नव्या गादीवर गेलं.

काका गादीकडे बघत राहिले. मग त्यांनी एक बाही उलगडली. मग दुसरी. मला फार वाईट वाटलं.

नेमका तेव्हाच पल्लवीचा फोन आला. काही बोलू नका, असं मी खुणेनं सांगत होते. पण खोटं बोलणं हेही बहुधा काकूंचंच डिपार्टमेंट असावं. काकांनी स्पीकर लावला.

"पल्लवी, कूलर काढून राहिलो होतो. नवी गादी भिजली. मले काहीच येत नाही वं. पण तू येजो. मी शिकतो."

पलीकडून प्रश्न आला, "बाबा, आधी टाकीचं बूच काढलं होतं काय?"

"बूच असते काय त्याले?"

पल्लवी हसत सुटली. हसू थांबलं, तशी ती नाक ओढत म्हणाली, "आई दरवर्षी मलेच पाठवे बूच काढाले. आता कशालेच हात नोका लावू. येते मी."

ती आली. अवघडलेल्या अंगानं खुर्चीत बसून हुकूम सोडायची आणि आम्ही तिघं खिडकीच्या फटीत पुठ्ठे, जुन्या चादरी कोंबायचो. "बाबा, काहून इतकं ठासून राहिले? सकाळी उघडा लागते ना खिडकी!" असं ती ओरडली की काका पुन्हा सगळं काढायचे. गादी दुसऱ्यांदा भरून आणली. ऐन थंडीत नात झाली.

पुढे नीलेशची बदली झाली. निरोप घ्यायला खाली गेलो, तर काका अंगणात कोवळ्या उन्हात पाय लांब करून बसलेले, पायांवर नात, हात तेलानं माखलेले. सवयीनं माझी नजर बाह्यांकडे गेली. दुमडलेल्याच होत्या.

"चहा घेतल्याबिगर जायाचं नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही उठू नका, मी करते. आत गेले, तोच मागून त्यांचा आवाज आला,

"साखर निळ्या झाकणाच्या डब्यात आहे वं पोरी."

मी डबा उघडला. तिथेच होती.