हात वर करू नका

"मारणाऱ्याचा हात बघायचा नाही, खांदा बघायचा," लगाममावशी एकदा चहावाल्याला म्हणाली होती. "हात उठला की उशीर झालेला असतो. खांदा आधी बोलतो."

चहावाला हसला. बाई गमतीने बोलतेय असं त्याला वाटलं. तो कप विसळत राहिला आणि ती घोडीच्या मानेवरची वाळू झटकत राहिली.

किनाऱ्यावर पोरांना घोडीवर बसवून फिरवायचं, हे तिचं काम. थंडीत शाळांना सुट्टी लागली की गाड्या भरभरून कुटुंबं समुद्रावर यायची. बाप पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहायचे, आया ओले मोजे पिळत ओरडायच्या, आज्या वाळूत पाय पसरून सगळ्यांच्या पिशव्या राखायच्या. दुपार कलली की मारझोड सुरू व्हायची. मजा करायला आणलेलं पोर रडलं की बापाला ते सहन होत नाही. "एवढ्या लांब आणलं ते भोकाड पसरायला?" आणि फाडकन. कधी गालावर, कधी पाठीत. आसपासची माणसं तेवढ्यापुरती लाटा बघायची.

मावशीला तो फटका पडायच्या आधीच दिसायचा. बापाचा खांदा जरासा मागे सरकला की ती घोडी नेमकी त्या दोघांच्या मध्ये आणून उभी करायची. "बसायचं का रे राजा? ही बघ, तुलाच विचारतेय." पोर रडता रडता घोडीकडे बघायचं आणि बापाला आपल्या हाताचं काय करावं ते कळेनासं व्हायचं. मग तो त्याच हाताने खिसा चाचपायचा.

"मावशी, तुमची घोडी माझ्या सासूपेक्षा हळू चालते," चहावाला म्हणायचा.

"तुझी सासू कुणाला पाठीवर घेते का?"

"घेते ना. मलाच. आयुष्यभर."

घोडीचं नाव करडी. रंगावरून पडलेलं, त्यात काही डोकं लावलेलं नव्हतं. आता ती म्हातारी झाली होती, पाठ खोलगट, खालचा ओठ लोंबलेला. पण तिच्या जवळपास कुणी हात डोक्यावर नेला की ती अजून उधळायची. म्हणून मावशी पोराला वर बसवण्याआधी सगळ्या घरादाराला बजावायची, "टाटा खालूनच करायचा. हात वर करू नका." लोकांना गंमत वाटायची. कुणी खोदून विचारलं तर ती म्हणायची, "लाजते ती."

करडीला लाजायला शिकवलं होतं मावशीच्या नवऱ्याने. शिंगरू होती तेव्हापासून. नवरा घोड्यांना मारायचा, बायकोलाही मारायचा, आणि दोघांना एकच दोर वापरायचा, दुहेरी करून, गाठ मारलेला. मारताना तो नाकाने हुंकारायचा, ओझं उचलणाऱ्या माणसासारखा. "मध्ये का येतेस?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. ती घोड्यासाठी मध्ये आली की हे वाक्य, पोरासाठी मध्ये आली की हे वाक्य, आणि कुणीच समोर नसलं तरी हेच. खांद्याची विद्या ती तिथे शिकली. खांदा हलला की हनुवटी छातीला लावायची, कान झाकायचा, चुलीवरचं गरम भांडं बाजूला सरकवायचं.

मग एका सकाळी करडीच्या आईने त्याच्या छातीत लाथ घातली. फासळ्या मोडल्याचा आवाज मावशीने खोलीत बसून ऐकला. सरपण मोडल्यासारखा. तो जागच्या जागी गेला. त्याच्या भावांनी त्या घोडीला खांबाला बांधलं आणि लोखंडी पहारींनी मारून टाकलं. ते काम लवकर उरकलं नाही. मावशीने पोराला पोटाशी धरून त्याचे डोळे झाकले होते. कान झाकायला तिला आणखी दोन हात नव्हते.

तेव्हापासून तिने एकच गोष्ट मनात धरली. पोराला बापाचा खांदा येता कामा नये. बाकी काहीही होवो. तो शाळेत नापास झाला, ती काही बोलली नाही. कामं धरून सोडली, ती काही बोलली नाही. पण गल्लीत कुत्र्याला दगड मारताना दिसला त्या दिवशी तिने त्याला मारलं नाही, रात्री जेवली नाही, आणि त्याच्याकडे इतका वेळ बघत बसली की पोरगं रडायला लागलं. तो मोठा झाला, लग्न झालं, किनाऱ्यावर फोटो काढायला लागला. एवढ्या वर्षांत त्याचा खांदा तिच्यासमोर कधी उचलला गेला नाही. ती मनात म्हणायची, जमलं. सुनेच्या दंडावर काळंनिळं दिसलं तेव्हा सून म्हणाली, "पंपाचा दांडा लागला, आई." मावशीने पंपाला शिव्या घातल्या.

सुट्टीतल्या ऐन गर्दीचा दिवस होता. निळ्या टोपीचा एक बाप, त्याची बायको, म्हातारी आई, दोन पोरं. मुलीला करडीवर बसवलं होतं. बापाला फोटो हवा होता, मागे समुद्र आणि सगळ्यांचे हात आभाळात. शेजाऱ्यांच्या घरी तसा लावलेला होता म्हणे.

"तसं नाही जमणार," मावशी म्हणाली. "घोडी बुजते."

"ही? हिला तर झोप लागलीय," बाप म्हणाला आणि त्याची आई खुदकन हसली.

फोटो काढायला मावशीचाच मुलगा होता. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. कॅमेऱ्याची काच पुसत म्हणाला, "आई, करडीला पाणी आण ना. सकाळपासून उभी आहे. मी धरतो तिला."

म्हाताऱ्या घोडीला एवढ्या वर्षांनी काय आठवणार, असं त्याला वाटलं असावं. मावशी बादली घेऊन नळाकडे गेली. परत येताना तिला दिसलं ते असं. मुलाने लगाम निळ्या टोपीवाल्याच्या डाव्या हातात दिलेला, आपण मागे सरकून गुडघ्यावर बसलेला. मग तो ओरडला, "एक, दोन, सगळे हात वर!"

सगळे खांदे एकदम उचलले गेले. मावशीने बादली टाकली. करडी मागच्या पायांवर उभी राहिली, लगामाने बापाच्या तळहाताचं कातडं सोलून नेलं, आणि मुलगी मागच्या मागे ओल्या, टणक वाळूवर आदळली. तिचं मनगट नको त्या बाजूला वळलं होतं. ओठ फाटून रक्त हनुवटीवर आलं होतं.  मग ती जी किंचाळली, तशी अख्ख्या किनाऱ्याने मान वळवली.

करडी लांब गेली नाही. म्हातारी होती, थोडं धावून उभी राहिली, थरथरत. बाप तिच्यापर्यंत पोचला आणि त्याने तिच्या पोटात बुटाची लाथ घातली. "माझी पोरगी! माझ्या पोरीला पाडतेस?" कुणीतरी वाळूतली छत्री उपटली आणि तिचा दांडा घेऊन आला. दोघे-तिघे आणखी आले. त्यांना तिथे कुणी बोलावलं नव्हतं. दांडा करडीच्या नाकावर बसला आणि तिच्या शिंकेतून रक्त उडालं. मावशी मध्ये घुसली. दांड्याचा पुढचा घाव तिच्या कोपराखाली बसला. "तिला नका मारू! पोरीला उचला आधी, पोरीला!" ती ओरडत होती.

"घोडी कुणाची?" बाप गरजला. "मालक कोण?"

तेव्हा मुलगा पुढे आला. चेहरा पांढरा पडला होता. त्याने खोगिराला अडकवलेला दोर सोडला, दुहेरी केला, आणि मावशीला त्याचा खांदा दिसला. उजवा, आधी मागे, मग वर, मान किंचित वाकडी. त्याने करडीला मारलं. पुन्हा मारलं. मारताना तो नाकाने हुंकारत होता.

लोक मागे सरकले. त्यांना हेच हवं होतं, आता ते स्वस्थ उभे राहून बघू शकत होते. मावशीने करडीच्या मानेला मिठी मारली. दोर तिच्या कानावर बसला आणि समुद्राचा आवाज एका बाजूने बंद झाला.

"मध्ये का येतेस?" मुलगा ओरडला.

तिने वळून बघितलं. जणू मेलेला माणूस बोलला होता.

तेवढ्यात चहावाला धावत आला, मुलीला उचलून बापाच्या गाडीकडे पळाला, त्याच्या मागे सगळं घर पळालं आणि गर्दीला बघायला काही उरलं नाही.

मावशीची खोली बर्फाच्या कारखान्यामागच्या गल्लीत होती, पुढे पत्र्याखाली करडीची जागा. दिवस मावळायच्या आत मावशीने मिठाच्या कोमट पाण्याने करडीचं नाक धुतलं. डाव्या डोळ्यावर दोराचा वळ होता आणि तो डोळा उघडत नव्हता. तिच्या स्वतःच्या कानातून अजून पाणी आल्यासारखं वाटत होतं. बोट लावलं की लाल.

ती आत आली. सून शेगडीपाशी दूध तापवत होती. मुलगा खाटेवर बसला होता.

"बघतेस काय अशी?" तो म्हणाला. "लोकांनी मला फाडलं असतं. मी मारलं म्हणून ते थांबले."

मावशीला वाटलं, हे खरंही असेल. तिने मघापासून त्यावर विचार केला होता. भेदरलेला माणूस काय करेल सांगता येत नाही. एकदाच झालं असेल. भीतीने झालं असेल. असंच असू दे, असं ती स्वतःला सांगत भिंतीला टेकून बसली.

"आणि करडीला उद्या खाटीक नेणार आहे. मी निरोप दिलाय."

"तिचं काय चुकलं पण?" सून हळूच म्हणाली. "हात वर करा असं तुम्हीच म्हणालात ना?"

मुलगा उठला. त्याचा उजवा खांदा मागे सरकला.

सुनेची हनुवटी छातीला लागली. एक हात कानावर गेला, दुसऱ्या हाताने तिने दुधाचं पातेलं शेगडीच्या पलीकडच्या बाजूला सरकवलं. न बघता, थेंबही न सांडता.

मुलाने खुंटीवरचा टॉवेल काढला आणि तोंड पुसलं. त्याला तेवढंच करायचं होतं. सुनेने हात खाली घेतला, पातेलं पुन्हा आचेवर ठेवलं, आणि मग तिला जाणवलं की सासू आपल्याकडे बघतेय. तिने मान फिरवली.

हे एका दिवसात येत नाही. मावशीला किती दिवसांत येतं ते माहीत होतं.

पंपाचा दांडा. तिने त्या दांड्याला किती शिव्या घातल्या होत्या.

ती उठली. दोर दाराशी पडला होता, अजून दुहेरी, अजून ओला. तिने तो उचलला. मुलगा टॉवेल खांद्यावर टाकून तिच्याकडे बघत होता. तिने आपला खांदा मागे नेला, सावकाश, त्याला नीट दिसेल असा. तो हललाही नाही. मारणाऱ्याला खांदा वाचायची गरज कधी पडलेलीच नसते. दोर त्याच्या गळ्यापासून छातीपर्यंत बसला आणि तो खाटेवर मागे पडला. टॉवेल खाली पडला. त्याचं तोंड उघडं राहिलं, लहानपणी कुत्र्याला दगड मारला त्या दिवशीसारखं.

"आई!"

तिने दोर शेगडीत टाकला. ओला होता, आधी नुसता धूर झाला, मग पेटला. सून पातेलं हातात धरून उभी होती.

दाराशी तिघांच्या चपला होत्या, आतल्या बाजूला तोंड करून. मावशी खाली वाकली. आपली जोडी पायात घातली. मग सुनेची जोडी उचलून तिने फिरवली आणि उंबऱ्यावर ठेवली, बाहेर तोंड करून, नीट, एकीला एक लावून. पत्र्याखाली जाऊन तिने करडीचा लगाम सोडला, तिच्या न उघडणाऱ्या डोळ्याच्या बाजूला उभी राहिली, दार सताड उघडं तसंच ठेवलं, आणि चालू लागली.